गोंदण : सुई, शाई आणि आपली कातडी



आज आपण गोंदणाविषयी बोलणार आहोत. गोंदण सगळ्यांनी पाहिलेले आहे. तुमच्यापैकी कितीतरी आयाबायांच्या अंगावर ते आहे. कुणाच्या कपाळावर गोंदलेली टिकली आहे. कुणाच्या हनुवटीवर ठिपके आहेत. कुणाच्या हातावर तुळस आहे, तर कुणाच्या हातावर विंचू. पुरुषांच्या मनगटावर नाव असते, देवाचे चित्र असते.

पण सुई टोचली म्हणजे कातडीत काय होते? शाई आत कशी राहते? ती जखम कशी भरते? आणि कधीकधी ती का चिघळते? ह्या गोष्टी आपण सहसा कुणाला विचारत नाही. त्याच आम्ही आज साध्या शब्दांत सांगणार आहोत.

गोंदण फार जुने आहे

जुन्या बाया म्हणत, "दागिने चोर नेईल, मेल्यावर लोक काढून घेतील. गोंदण तेवढं संगती येईल." म्हणून गरिबाघरची लेकसुद्धा गोंदवून घेई. मध्य प्रदेशातल्या बैगा बाया कपाळापासून पायापर्यंत गोंदवून घेत. तो त्यांचा मोठा दागिना.

ही चाल आपल्याच देशात आहे असे समजू नका. १९९१ साली युरोपातल्या आल्प्स पर्वतात बर्फात एका माणसाचे प्रेत सापडले. बर्फामुळे ते सुकले होते, पण कुजले नव्हते. शास्त्रज्ञांनी तपास केला. तो माणूस पाच हजार वर्षांहून जुना निघाला. त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा मोजल्या गेल्या. कंबरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर लहान लहान रेघा होत्या. आणि शाई कसली होती? काजळीची!

म्हणजे पाहा. माणूस गेला, त्याचे गाव गेले, त्याची भाषा गेली. पण कातडीतली काजळी राहिली. इतके हे काम पक्के. म्हणून आम्ही इथे गोंदणाची निंदा करायला उभे राहिलो नाही. गोंदण ही जुनी कला आहे. पण ही कला सुईने होते, आणि सुई रक्तापर्यंत पोचते. तेव्हा तिचे नियम माहीत हवेत.

आपली कातडी कशी असते?

आपल्या घराची भिंत डोळ्यांपुढे आणा. भिंतीवर वरून मातीचे लिंपण असते. लिंपण झिजते, पडते. आपण पुन्हा लिंपतो. आतली भिंत मात्र तशीच राहते.

कातडीचेही असेच आहे. तिचा वरचा थर पातळ असतो, जवळजवळ कागदाएवढा. हा थर रोज झिजतो. आंघोळीच्या वेळी अंग चोळले की मळ निघतो. त्यात ह्या झिजलेल्या कातडीचा कोंडा पुष्कळ असतो. खालून नवी कातडी वर येत राहते. साधारण एका महिन्यात वरचा सगळा थर नवा होतो.

मेंदी ह्या वरच्या थरालाच रंगवते. म्हणून ती दोन-तीन आठवड्यांत उतरते. रंग धुऊन जातो असे आपल्याला वाटते. खरे तर रंगलेली कातडीच झिजून पडते.

वरच्या थराच्या खाली दुसरा थर आहे. तो जाड आणि चिवट असतो. बहुतेक ठिकाणी तो एक-दोन मिलिमीटर जाड, म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढा असतो. ह्याच थरात रक्ताच्या बारीक नळ्या असतात. दुखणे कळवणाऱ्या नसा इथेच असतात. घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळेही इथेच. हा थर वरच्यासारखा झिजून पडत नाही.

गोंदणाची सुई वरचे लिंपण भोकसून ह्या आतल्या भिंतीत जाते. शाई तिथे सोडते. म्हणून गोंदवताना दुखते, आणि रक्ताचे बारीक थेंब वर येतात. रक्त आले याचा अर्थ सुई रक्ताच्या नळ्यांपर्यंत पोचली. ही एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. पुढचे सगळे बोलणे तिच्यावर उभे आहे.

शाई आत का टिकते?

आपल्या शरीरात राखणदार असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात. त्यांना पेशी म्हणतात. बाहेरचे काही आत शिरले की हे राखणदार धावत येतात. जंतू असेल तर त्याला गिळतात आणि पचवून टाकतात.

सुईबरोबर शाई आत गेली की तेच होते. राखणदार येतात. शाईचे कण गिळू लागतात. पण शाईचा कण त्यांना पचत नाही. जात्यात ज्वारीबरोबर खडा आला तर ज्वारी दळली जाते, खडा तसाच राहतो. तसेच हे. राखणदार शाईचा कण पोटात धरून तिथेच बसून राहतो.

मग तो राखणदार मेला म्हणजे? तेव्हा शाई मोकळी होते. पण लगेच दुसरा राखणदार तिला गिळतो आणि त्याच जागी बसतो. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून ही गोष्ट २०१८ साली दाखवली. जणू रात्रीचा राखणदार घरी गेला आणि दिवसाचा आला. राखण चालूच. हे जन्मभर चालते.

थोडी शाई मात्र जागा सोडते. ती रसवाहिन्यांतून वाहत जवळच्या गाठीत जाऊन बसते. हातावर गोंदले तर ती काखेतल्या गाठीत जाते. म्हणून काळी शाई भरलेल्या माणसाच्या काखेतली गाठ आतून काळी झालेली डॉक्टरांना दिसते. जी शाई अंगात गेली ती नुसती कातडीपुरती राहत नाही, हे यावरून कळते. शाई कशाची आहे हे विचारायला हवे, ते त्यासाठीच.

आता एक गंमत सांगतो. काजळी काळी असते. मग जुने गोंदण हिरवे-निळे का दिसते? आपले मनगट उलटे करून बघा. शीर कशी दिसते? निळसर, हिरवट. पण आतले रक्त तर लाल आहे! कातडीच्या आड असलेली वस्तू आपल्याला जरा निळसर दिसते. काळ्या शाईचेही तसेच होते. आणि वर्षे गेली की शाईचे कण हळूहळू इकडेतिकडे सरकतात. म्हणून आजीच्या हातावरची तुळस जरा पसरट, धूसर दिसते.

जखम कशी भरते?

गोंदण म्हणजे जखमच आहे. एक मोठी जखम नव्हे, तर शेकडो बारीक जखमा शेजारी शेजारी. ती बरी व्हायला क्रमाने दिवस लागतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत जागा लाल होते. थोडी सूज येते. हात लावला तर गरम लागते, हुळहुळते. थोडे पाणी, थोडे रक्त, थोडी शाई वर येते. ह्याला घाबरायचे कारण नाही. राखणदार कामाला लागल्याची ती खूण आहे.

साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून सूज उतरते. वर पातळ खपली धरते. मग खाज सुटते. खाजवावेसे वाटते, पण खाजवू नये. खपली नखाने काढली तर तिच्याबरोबर शाई निघते. जागा पांढरी पडते, वण राहतो. आणि नखातली घाण जखमेत जाते.

दुसऱ्या आठवड्यात खपली आपोआप गळते. कोंडा निघतो. खाली नवी, चकचकीत कातडी दिसते. दोन ते चार आठवड्यांत वरची जखम बंद होते. आतली भिंत पुरती सांधायला मात्र आणखी काही महिने लागतात.

काही माणसांची कातडी निराळी असते. जखम भरली तरी कातडी थांबत नाही. व्रण वाढत जातो, फुगतो, कडक होतो. त्याला केलॉइड म्हणतात. कान टोचल्यावर कानाच्या पाळीला गाठ आली असेल, किंवा जुन्या जखमेचा वण फुगलेला असेल, तर अशा माणसाने गोंदवू नये.

मधुमेह असेल तर जखम लवकर भरत नाही. अंगात ताप असेल, बाई गरोदर असेल, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तरीही गोंदवणे टाळावे. ज्या जागी पुरळ, गजकर्ण किंवा फोड आहे तिथे सुई लावू नये. तीळ किंवा मस यांच्यावरही गोंदवू नये. तीळ झाकला गेला तर त्यात काही बिघाड झालेला दिसत नाही.

जत्रेतली रांग

आता मुख्य गोष्टीकडे वळू.

समजा, जत्रेत गोंदणवाला बसला आहे. त्याच्यापुढे पाच जणी रांगेत आहेत. यंत्र एकच आहे. सुई एकच आहे. शाईची वाटी एकच आहे. पुसायचे फडकेही एकच.

पहिली झाली, दुसरी झाली. तिसरी बसली. तिच्या रक्तात एका रोगाचे विषाणू आहेत. तिला ते ठाऊक नाही. ती धडधाकट आहे. शेतात काम करते, डोक्यावर पाणी वाहते. तिच्याकडे बघून कुणालाही काही कळायचे नाही.

सुई तिच्या रक्तात बुडाली. मग शाईत बुडाली. शाईतून पुन्हा तिच्या हातात. काम झाले. गोंदणवाल्याने सुई फडक्याने पुसली. आता चौथी बसली.

सांगा बरे, चौथीच्या हातात काय काय गेले? शाई गेली, आणि शाईबरोबर तिसरीचे रक्तही गेले. डोळ्यांना दिसणार नाही इतके थोडे. पण विषाणूला तेवढे पुरते. आणि पाचवी? तिची सुईही तीच आणि वाटीही तीच.

असे कोणते रोग जातात?

एक आहे कावीळ ब. कावीळ म्हटली की आपल्याला घाण पाण्याने होणारी कावीळ आठवते. ती निराळी. कावीळ ब रक्तातून पसरते. तिचा विषाणू मोठा चिवट आहे. वाळलेल्या रक्तात तो सात दिवससुद्धा जिवंत राहतो. सोमवारच्या जत्रेतली सुई पुढच्या रविवारी दुसऱ्या जत्रेत रोग देऊ शकते. काही माणसांत हा विषाणू वर्षानुवर्षे राहतो आणि यकृत खराब करतो. यकृत पोटात उजव्या बाजूला बरगड्यांखाली असते. ते बिघडले तर पोटात पाणी होते. काहींना यकृताचा कर्करोगही होतो.

दुसरी आहे कावीळ क. तीही रक्तातूनच जाते. तिला लस नाही. पण आता तिच्यावर गोळ्या निघाल्या आहेत. बहुतेक माणसे काही महिन्यांच्या औषधाने बरी होतात.

तिसरा आहे एचआयव्ही. एड्स ज्याने होतो तो हा विषाणू. तो कावीळ ब इतका चिवट नाही. बाहेर फार टिकत नाही. पण एका पाठोपाठ एक माणसाला तीच ओली सुई लावली तर धोका आहेच.

चौथा आहे धनुर्वात. त्याचे जंतू मातीत, शेणात, धुळीत असतात. ते जखमेत गेले की काही दिवसांनी जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठते. माणूस दगावतो.

यांशिवाय साधे पू करणारे जंतू आहेत. घाण सुई, घाण पाणी, घाण हात यांनी ते आत जातात. जखम चिघळते.

"आमच्या आजीला कुठं काय झालं?"

असे आम्हांला बाया नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिले पाहिजे.

पुराच्या पाण्यातून दहा जण पलीकडे गेले, म्हणून पाणी उथळ होते असे कुणी म्हणत नाही. अकरावा वाहून जातो. तुमच्या आजी पलीकडे पोचल्या, हे चांगले झाले.

आणखी एक गोष्ट आहे. कावीळ ब गोंदवल्यावर लगेच होत नाही. दीड महिन्याने होते, कधी सहा महिन्यांनीही होते. तोवर जत्रा विसरलेली असते. डोळे पिवळे झाले, की लोक म्हणतात पाणी बाधले, उन्हाचा त्रास झाला. सुईची आठवण कुणाला येत नाही. म्हणून कुणाला काय झाले ते आपल्याला कळलेच नाही.

आणि पूर्वीची गोष्ट निराळी होती असेही नाही. तेव्हाही सुई घरोघर फिरत असे. आता यंत्र आले, एवढाच फरक. विजेवर चालणाऱ्या गोंदण-यंत्राचे पेटंट १८९१ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली याने घेतले. यंत्राने काम झटपट होते. पण झटपट काम म्हणजे रांगही लांब. एका दिवसात एका सुईखालून जास्त माणसे जातात.

सुई साफ कशी होते?

फडक्याने पुसून साफ होत नाही. दिव्याच्या ज्योतीवर धरून भरवसा नाही. यंत्राला पुष्कळदा बारीक सुयांचा जुडगा असतो. त्यांच्या फटीत रक्त अडकते. स्पिरिटात बुडवूनही तेथले रक्त निघत नाही.

"मग उकळली तर?" उकळल्याने पुष्कळ जंतू मरतात. पण धनुर्वाताच्या जंतूचे बीज उकळत्या पाण्यातही तग धरते. म्हणून इस्पितळात नुसते उकळत नाहीत. बंद भांड्यात वाफ कोंडून १२१ अंशांपर्यंत उष्णता नेतात, आणि तेवढ्या उष्णतेत हत्यारे पंधरा-वीस मिनिटे ठेवतात.

ही सोय जत्रेत नसते. म्हणून सोपा नियम असा. दर माणसाला नवी, बंद पाकिटातली सुई. काम झाले की ती टाकून द्यायची.

आणि नुसती सुई बदलून भागत नाही बरं का! शाईच्या वाटीत आधीच्या माणसाचे रक्त असते. तेव्हा चार गोष्टी पाहा : सुई, शाई, हात आणि फडके. सुई नवी हवी. शाई नव्या लहान वाटीत काढलेली हवी, आणि उरलेली पुन्हा बाटलीत ओतता कामा नये. गोंदणाऱ्याने हात साबणाने धुऊन नवे रबरी मोजे घालायला हवेत. पुसायला स्वच्छ कापूस हवा, एकदाच वापरायचा.

शाईविषयीही दोन शब्द. पूर्वी दिव्यावर भांडे पालथे घालून काजळी धरत. ती दुधात किंवा पाल्याच्या रसात कालवत. दूध आणि पाला ह्या जंतूंना आवडणाऱ्या वस्तू आहेत. काही ठिकाणी बिब्ब्याचा रस वापरत. बिब्बा उतला तर अंगावर फोड येतात, हे तुम्हांला सांगायला नको. आजकालच्या रंगीत शायांतही काहींचे अंगाशी पटत नाही. लाल रंगाने पुष्कळांना खाज आणि गाठी येतात. लिहायची शाई किंवा केसांचा कलप तर मुळीच वापरू नये. जत्रेत जी झटपट "काळी मेंदी" लावतात तिच्यात पुष्कळदा कलपाचा रंग असतो. तिनेही फोड येतात.

बोलायला भिऊ नका

आपण भाजी घेताना चार वांगी उलटून पाहतो. मडके घेताना वाजवून पाहतो. मग आपल्या हातात सुई जायची असताना गप्प का बसावे?

"दादा, नवी सुई काढा. पाकीट आमच्यासमोर फोडा."

"अहो ताई, सुई साफच आहे की! आत्ताच पुसलीय."

"पुसलेली नको, दादा. नव्या सुईचे पैसे आम्ही देतो. नाही तर राहू द्या."

एवढे बोलले की पुरे. त्याने ऐकले तर चांगले. नाही ऐकले तर उठून यावे. जत्रा पुढल्या वर्षी पुन्हा भरते.

आणि आता तुम्ही वाचायला शिकला आहात. पाकिटावर महिना आणि साल यांचे आकडे असतात. मुदत गेली आहे का ते पाहा. पाकीट फाटलेले, भिजलेले आहे का ते पाहा. नाव गोंदवायचे असेल तर आधी कागदावर लिहून घ्या आणि स्वतः वाचा. पूर्वी कितीतरी बायांच्या हातावर चुकीचे नाव गोंदले गेले असेल. त्यांना कुठे वाचता येत होते?

गोंदणाऱ्यांनाही आमचे एक सांगणे आहे. मावशी, दादा, ह्या कामात सगळ्यांत जास्त धोका तुम्हांला आहे. दिवसभर दुसऱ्यांचे रक्त तुमच्या बोटांना लागते. सुई तुमच्याच बोटात जाते. तुम्ही कावीळ ब ची लस टोचून घ्या. मोठ्या माणसाला सहा महिन्यांत तिचे तीन डोस घ्यावे लागतात. नवी सुई वापरा आणि तिचे पैसे उघड मागा. लोकांचा विश्वास बसला म्हणजे तुमचा धंदाही टिकेल.

लेकरांचे काय?

चार-पाच वर्षांच्या पोरीला धरून बसवतात आणि गोंदवतात. ती रडते, हातपाय झाडते. सुई वेडीवाकडी जाते. ह्या पोरीला विचारले कुणी?

गोंदण जन्माचे असते. ते पुसायचे म्हटले तर लेसर नावाच्या किरणांनी पुसावे लागते. ते किरण शाईचे कण फोडतात. मग शरीर ते बारीक कण हळूहळू वाहून नेते. त्याला अनेक खेपा घालाव्या लागतात. पैसा फार लागतो. आणि इतके करूनही खूण थोडीफार राहू शकते. चुना, तेजाब, डाग देणे असले उपाय कुणी सांगितले तर ऐकू नका. त्यांनी गोंदण जात नाही. कातडी जळते आणि मोठा व्रण राहतो.

पोरगा मोठा होऊन लष्करात जाईन म्हणाला तर? लष्करभरतीत गोंदणाचे नियम असतात. अंगावर हवे तिथे गोंदलेले चालत नाही. आदिवासींना त्यांच्या चालीप्रमाणे सवलत असते. तेव्हा आधी भरतीची जाहिरात वाचावी, मग ठरवावे. म्हणून लेकराला थांबू द्या. अठरा वर्षांचे झाले, की त्याचे ते ठरवील.

गोंदवल्यावर काय करावे?

पहिले काम, जखमेला हात लावण्याआधी हात साबणाने धुवा. उकळून थंड केलेल्या पाण्याने आणि साध्या साबणाने जागा हलकेच धुवा. स्वच्छ कापडाने टिपा, चोळू नका. साधे पेट्रोलियम जेलीचे मलम अगदी पातळ लावा. सैल सुती कपडा घाला. जखम भरेपर्यंत नदी, तळे, विहीर यांत पोहू नका. उन्हात जाताना जागा झाका. शेण काढताना, गोठा झाडताना जागेला घाण लागू देऊ नका.

शेण, राख, तंबाखू, चुना, माती यांतले काहीही जखमेवर लावू नका. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात, ते वर सांगितलेच. स्वयंपाकाच्या डब्यातली हळदही उघड्या जखमेवर नको. तो डबा रोज दहा वेळा उघडतो. त्यात जंतू असतात, भेसळही असते.

धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे झाली असतील, किंवा कधी घेतले ते आठवत नसेल, तर गोंदवण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. तिथे ते मिळते.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

तीन दिवसांनी सूज उतरायच्या ऐवजी वाढली. जागेतून पू येऊ लागला. ताप भरला. जखमेपासून वर लाल रेघ चढू लागली. काखेत किंवा जांघेत अवधाण आले. यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. जबडा आवळू लागला तर क्षणभरही थांबू नका.

गोंदवल्यानंतर सहा महिन्यांच्या आत डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, जेवण जाईना झाले, तर डॉक्टरला गोंदवल्याचे आवर्जून सांगा. रक्त तपासून घ्या.

ज्यांनी आधीच जत्रेत गोंदवून घेतले आहे त्यांनी काय करावे? घाबरू नये. सुमारे तीन महिने गेल्यावर रक्त तपासून घ्यावे. एचआयव्हीची तपासणी सरकारी इस्पितळात फुकट होते आणि नाव गुप्त ठेवतात. रोग निघाला तरी औषध आहे. एचआयव्हीची औषधे सरकार २००४ सालापासून फुकट देते. कावीळ ब आणि कावीळ क यांच्यासाठीही २०१८ सालापासून सरकारी कार्यक्रम आहे. ज्याला रोग निघाला त्याला कुणी वाळीत टाकू नये. जेवणाने, शेजारी बसल्याने, हातात हात घेतल्याने हे रोग लागत नाहीत.

आणि गोंदवल्यावर बारा महिने रक्तदान करू नये. रोग असला तर तो ज्याला रक्त द्याल त्याला जाईल.

लक्षात ठेवा

१. गोंदण म्हणजे जखम. सुई रक्तापर्यंत जाते.
२. माणूस धडधाकट दिसला तरी त्याच्या रक्तात रोग असू शकतो.
३. सुई, शाई, हात, फडके ह्या चार गोष्टी पाहा.
४. सुई पुसून, भाजून साफ होत नाही. नवीच हवी.
५. खपली काढू नका. जखमेवर शेण, राख, हळद लावू नका.
६. लेकरांना गोंदवू नका. मोठी झाल्यावर त्यांना ठरवू द्या.

मंडळी, आमचे सांगणे इथे संपले. पुढच्या जत्रेला जाल तेव्हा एकटे ऐकून आलात असे करू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे पान वाचून दाखवा. रांगेत पाच जणी असतील आणि त्यांतली एक जरी म्हणाली, "दादा, नवी सुई काढा," तरी तिच्यामागच्या बायासुद्धा तेच म्हणतील.

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

१. मेंदी उतरते आणि गोंदण राहते, असे का?
२. काळ्या शाईचे गोंदण निळसर का दिसते?
३. नवी सुई लावली, पण शाईची वाटी जुनीच ठेवली, तर काय होईल?
४. तुमच्या गावच्या जत्रेत गोंदणवाला येतो का? त्याच्याशी कोण बोलेल? काय बोलेल?